जुनी चाकं, घरची रेसकार: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात घरी बनवलेल्या रेसकारवर लिहिलं होतं. चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीची, दोन गाड्यांची पुढची टोकं कापून एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडली, मागे मोटरसायकलचं ५०० सीसीचं जॅप इंजिन टाकलं आणि गाडी उभी केली, आणि ऑस्टिन सेव्हनच्या जुन्या चॅसिसवर किती जणांनी हात साफ केले, त्यात पुढे लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमनसुद्धा होता, वगैरे. वाटलं होतं इंजिनाबद्दल पत्रं येतील, पण आलेली बहुतेक सगळी चाकांवर. ठीक आहे, या वेळी चाकं आणि जमेल तेवढे बाकीचे जुने पार्ट्स.

प्रश्न: नमस्कार. मी घरी सिंगल सीटर बनवतोय, इंजिन मागे. एका जुन्या रेसरकडे १३ इंची, आठ स्पोकची चार चाकं आहेत, तो म्हणतो मॅग्नेशियमची आहेत, ७०च्या दशकातली. दिसायला एक नंबर. थोडे पांढरे डाग आहेत आणि नुकताच काळा रंग मारलाय. मॅग्नेशियम आहे हे ओळखायचं कसं, आणि रेसला वापरली तर चालतील का?

उत्तर: नुकताच रंग मारलाय हे वाचूनच माझे कान टवकारले. जुन्या चाकावरचा ताजा काळा रंग हा बहुतेक वेळा विकणाऱ्याचा मेकअप असतो, त्याच्याखाली काय दडलंय ते रंग काढल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे रंग काढून बघू देणार असेल तरच पुढची बोलणी करा, नाहीतर नमस्कार म्हणा आणि निघा.

ओळखायचं कसं ते आधी सांगतो. चाक उचललं की पहिला अंदाज येतो कारण मॅग्नेशियमची घनता १.७४ आणि ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच मापाचं त्याच डिझाइनचं चाक साधारण एक तृतीयांशाने हलकं लागतं. पण शेजारी तुलनेला तसंच चाक नसेल तर हाताचा अंदाज चुकतो. म्हणून मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी नखाएवढा भाग खरवडून चकचकीत धातू उघडा करायचा आणि त्यावर साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाकायचा. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येऊन फसफसायला लागतं, ॲल्युमिनियम ढिम्म बसून राहतं. बघून झालं की धुऊन कोरडं पुसा, थेंब तसाच सोडून देऊ नका.

आता खरा प्रश्न, चालतील का. या चाकांचा इतिहास भारी आहे यात वादच नाही. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडने महायुद्धानंतर मॅग्नेशियमची ओतीव चाकं काढली ती इंडियानापोलिसच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं दिसली, ब्रिटनमध्ये मिनीसाठी आलेली मिनिलाइटसुद्धा सुरुवातीला मॅग्नेशियमचीच होती, आणि लोटसची ती लाटालाटांच्या तबकडीची चाकं तर लांबूनच ओळखू येतात. स्प्रिंगच्या खालचं (चाक, हब, ब्रेक यांचं) वजन कमी करायचं तर तेव्हा याच्याइतका सोपा उपाय नव्हता. पण चाक ओतणाऱ्याने हिशोब केला होता तो रेसच्या काही सीझनचा, अर्ध्या शतकाचा नाही, आणि मॅग्नेशियम हा धातू गंजायला अगदी तयारच बसलेला असतो, ओल आणि मीठ मिळालं की झालं. तुम्ही म्हणताय ते पांढरे डाग म्हणजे तोच गंज. वरवर पावडरसारखा असेल तर घाबरू नका, पण खाली खड्डे पडले असतील तर प्रत्येक खड्डा म्हणजे पुढच्या क्रॅकची सुरुवात आहे असं धरून चाला.

टायर उतरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सगळ्यात वाईट गंज टायरची कड जिथे रिमवर बसते तिथे असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. मग रंग केमिकलने काढा, तेसुद्धा मॅग्नेशियमला चालणारं आहे ना हे डब्यावर वाचून. वाळू किंवा लोखंडी छर्‍याने ब्लास्टिंग करू नका, लोखंडाचे कण धातूत रुतून बसतात आणि नंतर तिथूनच गंज धरतो, करायचंच असेल तर काचेचे किंवा प्लास्टिकचे बारीक मणी वापरणारा गाठा. त्यानंतर डाय पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे चाक स्वच्छ करून त्यावर लाल डाय मारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, क्रॅक असेल तिथून लाल रेघ वर येते. स्टडच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या बोल्टच्या, भोकांभोवती बघा, स्पोक हबला मिळतो त्या कोपऱ्यात बघा, व्हॉल्व्हच्या भोकाशी बघा, आणि मागून बघायला विसरू नका, लोक पुढून पाच मिनिटं न्याहाळतात आणि मागे बघतच नाहीत. ही टेस्ट फक्त पृष्ठभागावर उघडणारी क्रॅक दाखवते, कास्टिंगच्या पोटातली पोकळी दिसायला एक्स-रे लागतो. लाकडी दांड्याने ठोकून टणत्कार ऐकायची जुनी पद्धत आहे, मीसुद्धा करतो, पण त्यावर रेसचा निर्णय घेत नाही.

आणि एक, या चाकावर ग्राइंडर लावू नका. अख्खं चाक सहजासहजी पेटत नाही पण त्याची बारीक भुकटी आणि कीस ठिणगीने पेट घेतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर आग विझायच्या ऐवजी भडकते कारण पाण्यातून हायड्रोजन सुटतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही कामाचा नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचा क्लास डी सिलिंडर जवळ हवा. १९५५ला ल मानमध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर पेटली तिची बॉडी मॅग्नेशियम अलॉयचीच होती.

चारही पास झाली तर क्रोमेट ट्रीटमेंट (गंज रोखणारा रासायनिक थर) करून, वर पातळ रंग देऊन बिनधास्त चालवा आणि दर सीझनला टेस्ट पुन्हा करा. पावडर कोटिंग नको, जाड थराखाली क्रॅक झाकली जाते आणि भट्टीच्या उष्णतेचा चाकावर काय परिणाम झाला ते नंतर कुणी सांगू शकत नाही. तीन पास आणि एक नापास झालं तर? मग तो सेट नाही, ती तीन शोभेची चाकं आहेत.

प्रश्न: माझ्या गाडीचे हब मिनीचे, ४ स्टडचे. मला मिळालेली चाकं ४ × १०० ची आहेत. मित्र म्हणतो भोकं थोडी कानशीने मोठी केली की बसतात. आणि ५ भोकांच्या चाकाचा पीसीडी (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) मोजायचा कसा, समोरासमोर भोकच येत नाही.

उत्तर: मित्राला चहा पाजा आणि कानस लपवून ठेवा. मिनीचा पीसीडी १०१.६, तुमच्या चाकाचा १००, फरक दिसतो दीडेक मिलिमीटरचा पण त्याचा अर्थ प्रत्येक स्टड ०.८ मिलिमीटर बाजूला वाकून बसणार. नट आवळताना सगळं बसल्यासारखं वाटतं, टॉर्क रेंचसुद्धा (ठरलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) क्लिक करतो, पण नटाचा उतार एकाच कडेवर टेकलेला असतो आणि स्टडला वळणावळणाला वाकवलं जातं. एक दिवस तुटतो, आणि एक तुटला की बाकीचे तीन रांगेत उभे असतातच. फियाटचा ९८ आणि कॉमन १०० यातही लोक हेच करतात.

जुन्या गाड्यांचे आकडे पाठ असलेले बरे. फियाट ४ × ९८, मिनी ४ × १०१.६, फोर्ड एस्कॉर्ट आणि कॉर्टिना ४ × १०८, एमजीबी ४ × ११४.३, बीटल आधी ५ × २०५ आणि नंतर ४ × १३०. चार भोकांचं चाक सोपं, समोरासमोरच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर. पाच भोकांचं असेल तर शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर व्हर्नियरने घ्या आणि १.७०१ ने गुणा. उदाहरणार्थ ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३. टेपने मोजू नका, टेपने मोजून ऑर्डर दिलेली चाकं सगळीकडे विकायला असतात ती याचमुळे.

पीसीडी जमला म्हणजे चाक बसलं असं नाही, ऑफसेट बघा, म्हणजे हबवर टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मधल्या रेषेपासून किती बाजूला आहे ते. चाक पालथं ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा, त्यातून चाकाच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट. इथे एकूण रुंदी म्हणजे बाहेरून बाहेर, आणि ती चाकावर लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त असते कारण लिहिलेली रुंदी टायरच्या कडा बसतात तिथली असते. ऑफसेट २५ मिलिमीटरने कमी केला तर चाक २५ बाहेर जातं, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ५० ने वाढतो, फोटो मस्त येतो, पण बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्याखड्ड्याला हातातून हिसका देतं.

प्रश्न: अलॉय चाकाच्या स्पोकला केसाएवढी क्रॅक आहे. चांगला वेल्डर आहे माझ्याकडे. करून घेऊ?

उत्तर: नाही. रेसला नाहीच. ओतीव, हीट ट्रीटमेंट दिलेल्या चाकात वेल्डिंगशेजारचा भाग मऊ पडतो आणि क्रॅक थोडी सरकून पुन्हा येते. भिंतीवर लावायचं असेल तर वेल्डिंगचीही गरज नाही.

प्रश्न: बाबांनी एक जुना ब्रिटिश टू सीटर स्पेशल (जुन्या पार्ट्सची घरची गाडी) अर्धा बनवून ठेवलाय, आता मी पूर्ण करतेय. तारांच्या स्पोकची चाकं आहेत, मध्ये एक मोठा कान असलेला नट. रस्त्यावर थोडं फिरवलं तर ब्रेक मारताना आणि क्लच सोडताना टक्क आवाज येतो, आणि उजवीकडचा नट दोनदा सैल झाला. बाबा म्हणतात हे नट आपोआप घट्ट होतात. मग होत का नाही?

उत्तर: बाबांचं बरोबर आहे, आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ही रज-व्हिटवर्थ पद्धत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. हबवर बाहेरून दाते, चाकाच्या आत दाते, आणि मध्ये एकच नट. गाडीच्या डाव्या बाजूला साधे आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे कुठल्याही बाजूला उभं राहून नटाचा वरचा कान गाडीच्या मागच्या दिशेला फिरवला की घट्ट, पुढे फिरवला की सैल. चाक पुढे फिरतं तेव्हा नट उलट्या दिशेने सरकायला बघतो, म्हणजे घट्ट होत जातो. पण हब डावे उजवे अदलाबदल झाले असतील तर नेमकं उलटं होतं आणि नट चालता चालता सुटतो. अर्धवट गाडी, पार्ट्स वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले, म्हणजे माझा पहिला संशय तोच. आजच तपासा, आणि तोपर्यंत गाडी हलवू नका.

दिशा बरोबर निघाली तर आट्यांची संख्या मोजा. या हबवर इंचाला ८ आटे आणि इंचाला १२ आटे असे दोन प्रकार येतात आणि चुकीचा नट एखाद दोन फेरे चढतो सुद्धा, मग अडकतो, माणसाला वाटतं घट्ट झाला. दात्यांचा व्यासही दोन तऱ्हेचा सापडेल, ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर बहुतेक ४२ मिलिमीटर, मोठ्या गाड्यांवर ५२.

तो टक्क आवाज मात्र दात्यांचा. चाक काढून हबचे दाते बघा, नवीन असताना दात्याचा माथा सपाट असतो, झिजला की करवतीसारखा टोकदार होतो. टोकदार दिसले तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे. फक्त चाक बदललं तर जुना हब नव्या चाकाचे दाते खाऊन टाकतो, म्हणजे पैसे दोनदा. बसवताना दात्यांना आणि नटाच्या उताराला ग्रीस लावा, नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोका, पोलादी हातोड्याने कान चेपतात.

स्पोक तपासायला पेन्सिलने एकेक छेडत जा, ताणलेला स्पोक वाजतो, सैल असलेला भद्द करतो. दोन चार सैल निघाले तर चाक आउट काढणाऱ्या जाणकाराकडे द्या, सायकलवाल्याचा हात इथे पुरत नाही. ४८, ६० आणि ७२ स्पोकची चाकं मिळतात, रेसला मी ७२च सांगेन. टायरच्या आत ट्यूब हवीच, आणि स्पोकची आत आलेली टोकं घासून सपाट करून वर रिम टेप, नाहीतर टोक ट्यूबला भोक पाडणार हे ठरलेलं.

प्रश्न: जुने वेबर ४० डीसीओईचे दोन कार्ब्युरेटर मिळतायत. काय बघू?

उत्तर: थ्रॉटलची दांडी धरून वरखाली हलवा, प्ले (ढिलेपणा) जाणवला तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच बसणार नाही. मग इंजिनाला टेकणारा पृष्ठभाग सरळ पट्टीवर धरा, लोक नट जीव खाऊन आवळतात आणि कान वाकतात. खरं तर हे कार्ब्युरेटर घट्ट आवळायचेच नसतात, मध्ये ओ-रिंग आणि नटाखाली स्प्रिंगसारखे दुहेरी वायसर असतात, त्यांच्या वेटोळ्यांत थोडी फट राहील एवढंच आवळायचं. पूर्ण आवळले तर इंजिनाच्या कंपनाने आतलं पेट्रोल फेसाळतं आणि मग जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलून बदलून माणूस वेडा होतो. दोघांची आतली चोक ट्यूब एकाच मापाची आहे ना बघा, जोडी म्हणून विकतात पण जोडी नसते. बाकी जेट बदलता येतात, त्याचं टेन्शन घेऊ नका.

प्रश्न: बीटलचं इंजिन आणि गिअरबॉक्स अख्खं काढून माझ्या गाडीत बसवलं, पण इंजिन ॲक्सलच्या पुढे आणि गिअरबॉक्स मागे असं. आता चार गिअर रिव्हर्स आणि एक पुढे. हसू नका.

उत्तर: हसलो नाही (थोडं हसलो). अख्खं युनिट उलट दिशेला फिरवलं की असंच होणार, यात तुमच्या आधी बरेच जण फसलेत. दोन रस्ते आहेत. एक, गिअरबॉक्स उघडून डिफरन्शियलची मोठी क्राउन गिअर दुसऱ्या बाजूला बसवायची, स्विंग ॲक्सलच्या जुन्या बॉक्समध्ये हे होतं आणि फॉर्म्युला व्हीच्या, म्हणजे बीटलच्या पार्ट्सवर बनणाऱ्या रेसच्या, गाड्या तेच करतात. नंतर दात्यांमधली फट नव्याने सेट करावी लागते, ती अंदाजाने होत नाही, डायल गेज लागतो. दुसरा रस्ता म्हणजे बॉक्स उलटा, पोट वर करून बसवायचा. माइक ह्यूलंडचे पहिले रेसिंग गिअरबॉक्स बीटलच्याच केसिंगवर उभे राहिले ते याच युक्तीने. उलटा केला की ऑइल भरायची जागा, लेव्हलचा बोल्ट, हवा निघायचं भोक सगळं नव्याने करावं लागतं, आणि गिअर लिंकेजही. तुमचं घरचं काम आहे म्हणताय तर मी क्राउन गिअरवाला रस्ता धरीन.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, आम्ही चौघं मिळून स्पेस फ्रेमची (नळ्यांच्या सांगाड्याची) गाडी बनवतोय. बजेट नाही. ट्रायम्फ हेराल्डचे पुढचे अपराइट (चाकाचा हब धरणारे उभे भाग), जुने रोज जॉइंट (आत बॉल असलेले धातूचे सांधे), हार्नेस बेल्ट, ब्रेक, सगळं एका मोडलेल्या रेसकारमधून मिळतंय. सगळं घेऊ का?

उत्तर: सगळं घे, पण सगळं गाडीला लावू नकोस. माझा नियम साधा आहे, जो पार्ट उघडून, मोजून, तपासून बघता येतो तो जुना चालतो, आणि ज्याचं आयुष्य आतल्या आत संपतं तो फुकट मिळाला तरी नको. पेडल बॉक्स, स्टिअरिंग रॅकची बॉडी, गिअरबॉक्सचं केसिंग, मीटर, कॅलिपरची बॉडी, हे घे. रबराचे ब्रेक होज, सील, पेट्रोल टँकची रबरी पिशवी, हार्नेस आणि जुने बोल्ट, हे बाजूला टाक. हार्नेसवर एफआयएचं (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं) लेबल आणि तारीख असते, तारीख उलटली की पट्टा कितीही नवा दिसू दे, उन्हाने आणि वेळेने धागा कमजोर झालेला असतो. त्यातून ही गाडी मोडलेली आहे म्हणतोस, म्हणजे त्या पट्ट्याने एकदा धक्का खाल्लेला आहे, विषय संपला.

ते अपराइट चांगले आहेत, लोटस सेव्हनपासून कितीतरी फॉर्म्युला फोर्ड रेसकारपर्यंत घराणं आहे त्यांचं. पण खाली जो आट्यांचा भाग पितळी ट्रनियनमध्ये (खालच्या सांध्याच्या तुकड्यात) फिरतो तिथे आधीच्या मालकाने ग्रीस भरलं असेल तर तिथे नीट बघ. तिथे ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस अपराइट खालच्या आट्यांतून तुटून चाक आडवं पडतं. ट्रनियन काढ, आटे साफ कर, आणि इथे क्रॅक टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. लोखंड आहे, त्यामुळे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टसुद्धा होते, तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोय असेल तर विचार.

रोज जॉइंट जुने वापरू नकोस, नवे घ्या, बजेट नसेल तर कमी वापरा, रबर बुश कुठे चालतील ते बघा. आणि लावताना दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या ब्रॅकेटमध्ये लावा, एका बाजूने लटकवला तर बोल्ट वाकतो. जिथे एकाच बाजूने लावायलाच लागतोय तिथे बाहेरून जॉइंटच्या बॉडीपेक्षा मोठा वायसर टाका, म्हणजे आतला बॉल निसटला तरी रॉड जागेवर अडकून राहतो. स्क्रूटिनिअर (रेसआधी गाडी तपासणारा) हा वायसर पहिला शोधतो, तुमची पण गाडी तिथे जाणारच आहे.

प्रश्न: माझ्याकडे ठेवणीतले न वापरलेले क्रॉसप्लाय (तिरक्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) रेसिंग टायर आहेत, एकदम कोरे. पण मित्र म्हणतो जुन्या रिमवर आजचे चिकट स्लिक (खाचा नसलेले टायर) टाक, लॅप टाइम उतरेल.

उत्तर: दोन्ही नको. कोरा टायर म्हणजे ताजा टायर नाही, रबर कपाटातसुद्धा कडक होतं. रस्त्याच्या टायरवर डॉट मार्क असतो, २०००पासून शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ०८१९ असेल तर २०१९चा आठवा आठवडा. रेसिंग टायरवर तो नसेलही, तेव्हा नखाने दाबून बघा, नख रुतत नसेल तर तो टायर स्टँडवर गाडी ढकलायला ठेवा.

मित्राच्या सल्ल्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं कारण ही चूक शहाणी माणसं करतात. जुनं चाक ज्या काळात डिझाइन झालं त्या काळच्या टायरच्या पकडीचा भार त्याने सोसायचा होता. अरुंद क्रॉसप्लाय टायर घसरतो, लवकर घसरतो आणि घसरतो म्हणूनच चाकावर, हबवर, अपराइटवर येणारा जोर एका मर्यादेत राहतो. त्याच चाकावर आजचा चिकट स्लिक लावला की गाडी वळणात दुप्पट तिप्पट नाही पण बरीच जास्त धरते, आणि तो सगळा जादा जोर त्या पन्नास वर्षांच्या स्पोकमधून जातो. लॅप टाइम उतरतो, चाकाचं आयुष्यही उतरतं. काही कंपन्या जुन्या पॅटर्नचे टायर ताज्या रबरात बनवतात, ते घ्या. आणि क्रॉसप्लायवरून रेडियलवर गेलात तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) पुन्हा सेट करायला लागतो, क्रॉसप्लायला कमी लागतो.

प्रश्न: तुम्ही मागे एकदा लिहिलंत की रेसला ॲल्युमिनियमची नवी रेप्लिका चाकं लावा. मग विंटेज राहिलं काय? गाडीचा आत्माच गेला. असं लिहिणं तुम्हाला शोभत नाही.

उत्तर: शोभत नसेल, पण बदलणार नाही. ज्यांना एफआयएच्या ऐतिहासिक रेसमध्ये उतरायचंय त्यांच्यासाठी नियम आहेत, गाडीला टेक्निकल पासपोर्ट लागतो आणि त्यात चाकाचं माप, प्रकार त्या काळाला धरून असावा लागतो, तिथे मनाला येईल ते चालत नाही. पण त्या काळाच्या डिझाइनचं, त्याच मापाचं, आज ओतलेलं चाक बसत असेल तर मी तेच लावीन. आणि घरी बनवलेल्या स्पेशलबद्दल आत्मा वगैरे बोलायचं तर ज्यांनी त्या बनवल्या त्यांनी हाताला लागेल ते लावलं होतं, कूपरने फियाटचं लावलं, पुढे सित्रोएनचा गिअरबॉक्स फॉर्म्युला वनपर्यंत नेला आणि १९५९ला जॅक ब्रॅबम तसल्या गाडीत वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्यांच्यातल्या कुणाला आजचं चांगलं चाक स्वस्तात मिळालं असतं तर जुनं ठेवायला ते थांबले असते असं मला तरी वाटत नाही. ओरिजिनल सेट जपून ठेवा, प्रदर्शनाला लावा, काहीच हरकत नाही.

प्रश्न: नट कुठले वापरायचे? माझ्याकडे तीन प्रकारचे पडलेत, सगळे आटे जमतात.

उत्तर: आटे जमणं पुरेसं नाही, चाकावर टेकणारा भाग जमला पाहिजे. साठ अंशांचा उतार असलेला नट, गोलाईचा नट, आणि खाली सरळ नळी आणि सपाट वायसर असलेला नट, हे तिघं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुन्या अलॉय चाकांना बऱ्याचदा तिसरा लागतो, तिथे उताराचा लावला तर तो भोकाच्या कडेवर टेकतो आणि कड चेपत चेपत सैल होतो. भोकाला बोट लावून बघा, कड सपाट आहे का उताराची ते लगेच कळतं. आटे नटात किती जातात तेही मोजा, निदान स्टडच्या व्यासाएवढे जायला हवेत, स्पेसर टाकला असेल तर लांब स्टड घ्या. मिनीचे मूळ स्टड ३/८ इंचाचे असतात, रेसला जाड स्टड टाकता आले तर टाका. अलॉय चाक नवीन बसवलं की पहिल्या थोड्या लॅप्सनंतर गाडी आत आणा, चाकं थंड होऊ द्या आणि टॉर्क रेंच पुन्हा फिरवा, कारण गरम चाकावर लावलेला टॉर्क थंड झाल्यावर तेवढाच राहत नाही.